मजूर हवा, त्याचं घर नको

२०२४ च्या जानेवारीत लखनौच्या अलीगंज भागातल्या सरकारी आयटीआयमध्ये मोठ्या रांगा लागल्या होत्या. इस्रायलहून आलेलं पथक तिथे सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, गिलावा करणारे आणि टाइल्स बसवणारे कारागीर निवडत होतं. पगार महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये सांगितला होता. तिकडे युद्ध सुरू होतं. ज्या पॅलेस्टिनी मजुरांना इस्रायलच्या बांधकामांवर प्रवेश बंद झाला, त्यांच्या जागा भरायला हे कारागीर हवे होते.

तेव्हा दोन प्रश्नांवर बरीच चर्चा झाली. युद्ध चालू असलेल्या देशात आपली माणसं का पाठवायची? आणि एवढी माणसं मरणाची भीती बाजूला ठेवून रांगेत उभी राहतात, तर इथल्या रोजगाराचं काय झालं? दोन्ही प्रश्न योग्यच होते. कामगार संघटनांनी ते मांडले आणि विरोधही केला. पण तिसरा एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. हा माणूस चार-पाच वर्षं तिकडे राहणार असेल, तर त्याची बायको आणि मुलं त्याच्याकडे जाऊ शकतात का?

उत्तर आहे, नाही. इस्रायलमध्ये करारावर आलेल्या परदेशी मजुराला साधारण ६३ महिने, म्हणजे सव्वापाच वर्षं राहता येतं आणि त्या काळात बायको-मुलांना सोबत आणता येत नाही. ही अट जाहिरातीतल्या पगाराच्या आकड्याइतकी ठळक कधीच नसते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत भारत सरकार आणि इस्रायल सरकार यांच्यातल्या करारानुसार सहा हजारांहून जास्त कामगार तिकडे गेले. त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशचे आहेत. म्हणजे काही हजार घरांमधून पाच-पाच वर्षांसाठी एक माणूस वजा झाला आणि हे दोन सरकारांच्या सहीने झालं.

लखनौ म्हटलं की आपल्याला गोमतीनगरचं आंबेडकर स्मारक आठवतं, बाबासाहेबांच्या नावाचं केंद्रीय विद्यापीठ आठवतं. त्याच शहरातली ही रांग ‘तिकडची गोष्ट’ म्हणून सोडून देता येणार नाही. रत्नागिरी-रायगडमधली कित्येक घरं दोन-तीन पिढ्या आखाती पगारावर उभी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनेही जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आज अलीगंजमध्ये जे होतं ते उद्या आपल्या जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये होणार आहे. म्हणून ही अट नीट समजून घेऊ.

कुणाचं कुटुंब ‘कुटुंब’ ठरतं?

व्हिसाच्या नियमांत कामगाराच्या बायको-मुलांना ‘डिपेंडंट’ म्हणतात, म्हणजे आश्रित. ज्याचा कामाचा व्हिसा, त्याच्या जोरावर यांचा व्हिसा. त्याचा वाढला तर यांचा वाढतो, त्याचा संपला तर यांचाही संपतो. पण आश्रित आणण्याचा हक्क सगळ्या कामगारांना सारखा मिळत नाही. त्याची एक उतरंड आहे.

संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणायचं तर महिन्याला किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल कर लावला आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये तो ४०० रियालवर नेला. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १,२०० रियाल फक्त करापोटी. दीड हजार रियाल कमावणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. शिवाय साध्या मजुरीच्या अनेक कामांना तिथे कुटुंबाचा व्हिसा मुळातच मिळत नाही.

कुवेतचा नियम तर आपण पदवीधरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. बंद ठेवलेले कुटुंबाचे व्हिसा कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले, पण दोन अटी घातल्या. पगार किमान ८०० दिनार आणि हातात विद्यापीठाची पदवी. म्हणजे बायको-मुलांसोबत राहायला पदवी लागते! त्याच वर्षी जुलैमध्ये पदवीची अट काढली, पगाराची मात्र राहिली. त्या दोन तारखांच्या मध्ये, १२ जून २०२४ रोजी, कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय मेले. ती इमारत कंपनीने कामगारांना ठेवण्यासाठी घेतलेली होती. एका छताखाली दीडशेहून जास्त पुरुष राहत होते. ज्याला कुटुंब आणता येत नाही, त्याला घरही लागत नाही, खाट पुरते, असा हिशेब त्यामागे असतो. कुटुंबाचा व्हिसा नाकारणं आणि माणसांना खुराड्यात कोंबणं या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

हे फक्त आखातात चालतं असं नाही. ब्रिटनने कोविडनंतर वृद्धांची सेवा करायला परदेशातून माणसं बोलावली आणि ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या सेवाकर्मींना नवरा, बायको, मुलं आणायला बंदी केली. दुसऱ्याच्या आईवडिलांची सेवा करायला या, आपली मुलं मागे ठेवून या. २०२४ च्या सुरुवातीपासून तिथे बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनाही आश्रित आणता येत नाहीत. शिष्यवृत्ती मिळवून मास्टर्सला जाऊ पाहणाऱ्या आपल्या विवाहित मुलींना हा नियम थेट लागतो.

उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांवर चित्र वेगळं आहे. जर्मनीत उच्चशिक्षितांसाठीचं ब्लू कार्ड असेल तर जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. अमेरिकेत एच-वन-बी वर गेलेल्या इंजिनिअरच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत पुढे सरकलेल्यांच्या जोडीदारांना मे २०१५ पासून कामाचा परवानाही मिळू लागला. तिथेही दुःख आहेच. रांग इतकी लांब आहे की लहानपणी गेलेलं मूल २१ वर्षांचं होतं आणि आश्रित म्हणून त्याचा व्हिसा संपतो. त्या मुलांची बाजू खरी आहे, मांडायलाच हवी. पण तिथे भांडण व्हिसा वाढवण्याचं आहे. खालच्या पायरीवर मुळात व्हिसाच नाही.

एका घरातले दोन पासपोर्ट

ही उतरंड परदेशात सुरू होत नाही, आपल्या घरात सुरू होते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार, साधारणपणे दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का असतो. त्याला ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. उद्देश संरक्षणाचा आहे हे मान्य. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात बापाचा पासपोर्ट एका प्रकारचा आणि पदवीधर मुलाचा दुसऱ्या प्रकारचा असतो. २०१८ च्या जानेवारीत तर ईसीआर पासपोर्टला नारिंगी रंगाचं वेगळं कव्हर देण्याचा विचार सरकारने जाहीर केला होता. अशिक्षित माणूस विमानतळावर लांबूनच ओळखू यावा! टीका झाली आणि महिनाभराच्या आत तो मागे घ्यावा लागला.

दहावीची रेघ ज्यांना ओलांडता आली नाही ते कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शाळा कुणाला नाकारली, कुणाला अर्ध्यातून काढून वीटभट्टीवर नेलं, याचा इतिहास आपल्या आजी-आजोबांच्या अंगठ्यात आहे. त्या रेघेवर आधी पगार ठरतो, मग पगारावर कुटुंबाचा व्हिसा ठरतो. कुठल्याही नियमात ‘जात’ हा शब्द नाही. तरी जातीने जे आधीच वाटून ठेवलं होतं तेच पुन्हा वाटलं जातं.

बाईचा विचार केला तर आणखी एक गोष्ट दिसते. ईसीआर पासपोर्टवर आखातात घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० हवं, असा आपल्याच सरकारचा नियम आहे. तिशीतल्या बाईला मुलं असतात. ती दुसऱ्याचं मूल सांभाळायला जाते तेव्हा तिचं मूल तिला भेटायला कधी आणि कोणत्या व्हिसावर येणार, हे कुणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा शब्द दिला तो अशाच रचनेसाठी. सगळे सारखे दबलेले असते तर एकत्र झाले असते. इथे प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली कुणीतरी दिसतं आणि आपली पायरी वाचवायची असते. म्हणून इंजिनिअर म्हणतो, “आम्ही कुशल आहोत, आमच्या बायकांना कामाचा परवाना द्या.” नर्स म्हणते, “मी सेवाकर्मी नाही, मला वेगळं मोजा.” सगळे आपापल्या पायरीसाठी अर्ज करतात आणि उतरंड तशीच राहते. आपल्यातला पहिल्या पिढीचा पदवीधर या उतरंडीच्या अगदी मधोमध उभा आहे. वरच्या पायरीचा नियम त्याला आता लागू होतो, खालच्या पायरीचा नियम त्याच्या बापाला, काकाला, मेहुण्याला लागू होतो. म्हणून या विषयावर बोलण्याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

त्यागाचं कौतुक आणि धोरण

आपल्या समाजात घरापासून दूर राहून कमावणं नवं नाही. मुंबईच्या गिरणीत पाळी करणारा माणूस गाळ्यात दहा-वीस जणांसोबत झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि गावाकडे मनीऑर्डर करायचा. अण्णा भाऊ साठ्यांच्या छक्कडीतली गावी राहिलेली मैना आपण ऐकत मोठे झालो. बाबासाहेब कोलंबियाला आणि लंडनला शिकत होते तेव्हा रमाईने मुंबईत काय सोसलं, हे आपल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं.

त्या त्यागाबद्दल आपल्याला आदर आहे आणि तो राहील. पण रमाईंचा त्याग ही त्या काळाने लादलेली शिक्षा होती. तिचा आदर करणं वेगळं आणि आजच्या कामगाराच्या बायकोने तसंच सोसावं अशी अपेक्षा ठेवणं वेगळं. ‘नवरा दुबईला आहे’ असं कौतुकाने सांगणाऱ्या गावात त्या बाईचे पंधरा वर्षांतले किती महिने नवऱ्यासोबत गेले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मूल बापाला मोबाइलच्या पडद्यावर ओळखतं. सासू-सासऱ्यांचं आजारपण, मुलांची शाळा, शेताचा वाद, सगळं ती एकटी बघते आणि सरकारी कागदावर तिचं नाव ‘आश्रित’! खरं तर तो तिकडे काम करू शकतो तो तिच्या बिनपगारी कामाच्या आधारावर. परदेशातून येणाऱ्या पैशाचे आकडे अभिमानाने छापले जातात, त्यात तिच्या श्रमाचा रकानाच नसतो.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा इथे उपयोगी आहे. ज्या मालकाला कामगार बाईच्या श्रमाचा फायदा मिळतो, त्याने तिच्या बाळंतपणाचा भारही काही प्रमाणात उचलला पाहिजे, असा तो विचार होता. कामगार म्हणजे फक्त कामाच्या तासांपुरते दोन हात नसतात. त्याचं घर, त्याची मुलं, त्याचं आजारपण हे सगळं त्या श्रमाचा भाग असतं. श्रम घ्यायचे आणि बाकीचा भार उत्तर प्रदेशच्या नाहीतर मराठवाड्याच्या खेड्यावर टाकायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही.

गिरमिटापेक्षाही कंजूष

काहीजण म्हणतील की कंत्राटी कामगाराला कुटुंब आणू देत नाहीत, जगात असंच असतं. इतिहास पाहू. १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे फिजी, त्रिनिदाद, सुरिनामला इंग्रजांच्या राज्यातून गिरमिटिया मजूर गेले. अवध आणि भोजपुरी पट्ट्यातून सगळ्यात जास्त गेले, कोकणातूनही गेले. ती व्यवस्था क्रूर होती, गुलामीची धाकटी बहीण होती, यात शंका नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शंभर पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याचं बंधन होतं. ते दयेपोटी नव्हतं; वसाहतीत मजूर टिकावा, एवढाच हेतू होता. पाच वर्षांचा करार संपल्यावर अनेकांना तिथेच राहता आलं. मॉरिशसमध्ये आज मराठी आडनावं आहेत, शाळेत मराठी शिकवली जाते, कारण तिथे माणसांसोबत घरंही वसली.

आजचा सव्वापाच वर्षांचा इस्रायलचा करार पगारात गिरमिटापेक्षा कितीतरी वर आहे. पण कुटुंब आणि वसण्याचा हक्क या एका बाबतीत तो गिरमिटापेक्षाही कंजूष आहे. आणि गिरमिटाचा करार परक्या सरकारने केला होता. हा आपण निवडून दिलेल्या सरकारने केला आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. कुटुंब नेलं तर खर्च वाढेल, बचत उरणार नाही, मजूर स्वतःच नेणार नाही. काहीजण नेणार नाहीत, हे खरं. पण न नेण्याचा निर्णय त्याचा आणि त्याच्या बायकोचा असावा. शिवाय मधले मार्ग आहेत. वर्षातून दोन महिन्यांचा भेटीचा व्हिसा, मुलांच्या सुट्टीत येण्याची मुभा, मालकाच्या खर्चाने वर्षाला घरी जाण्याचं तिकीट. आज यातलं काहीही हक्काने मिळत नाही.

तिसरा आक्षेप असा, की व्हिसा देणं हा त्या देशाचा अधिकार, आपण काय करणार? नियम बदलतात, हे कुवेतच्या पदवीच्या अटीने सहा महिन्यांत दाखवलं. अमिरातीत पूर्वी कुटुंब आणण्याचा हक्क पदावर ठरायचा, तो २०१९ मध्ये पगारावर आला. इस्रायलमध्ये मूल झालेल्या परदेशी कामगार बाईने एकतर मुलाला परत पाठवावं किंवा देश सोडावा, असा नियम होता. २०११ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आणि आपलं सरकार ठरवतं तेव्हा वाटाघाटी करतंच. २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार ठरवताना, तिकडे तात्पुरते पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कंपन्यांना तीन वर्षं तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून सूट मान्य करून घेतली. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी जे मागता येतं ते गवंड्यासाठी का मागता येत नाही?

मागायचं काय

पूर्वी एजंट माणसं पाठवायचे आणि सरकार फक्त परवानगी द्यायचं. आता सरकार स्वतः भरती करतं. उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये रोजगार मिशन मंजूर केलं. त्यात वर्षाला २५ ते ३० हजार लोकांना परदेशी नोकरी मिळवून देण्याचं उद्दिष्ट आहे. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. म्हणजे मागणी करण्याची वेळ हीच आहे.

पहिली मागणी, सरकारने केलेल्या प्रत्येक मजूर करारात कुटुंबाचं कलम हवं. दोन वर्षं सलग काम केलेल्या कामगाराला पगार किंवा पदवी न पाहता जोडीदार आणि अल्पवयीन मुलं आणता यावीत आणि त्याचा व्हिसा वाढेल तेव्हा त्यांचाही आपोआप वाढावा. तोवर भेटीचा व्हिसा हक्काने मिळावा. दुसरी, कामगाराची नोकरी गेली, तो अपघातात जायबंदी झाला किंवा मेला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबाला लगेच हाकललं जाऊ नये. मुलांचं शालेय वर्ष पूर्ण होईपर्यंत मुदत मिळावी. तिसरी, स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार भारताने मान्य करावा. त्याच्या ४४ व्या कलमात कुटुंब एकत्र राहण्याचा मुद्दा आहे. आपण स्वतः तो मान्य केलेला नसताना दुसऱ्या देशाला काय सांगणार? चौथी, सरकारमार्फत गेलेल्या कामगारांची जिल्हा आणि सामाजिक प्रवर्गानुसार आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. कोण जातं आणि कुणाचं घर मागे राहतं, हे कागदावर आलं पाहिजे.

आणि एक काम आपलं आहे. घरात किंवा वस्तीत कुणी परदेशी कामाला निघालं असेल, तर त्याचा करार आपण वाचून द्यायचा, आपल्या भाषेत समजावून सांगायचा. कुटुंबाबद्दल काय लिहिलं आहे? वर्षाची रजा आणि तिकीट कुणाच्या खर्चाने? एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का? ईसीआर पासपोर्ट असेल तर प्रवासी भारतीय विमा योजनेची १० लाखांची पॉलिसी काढली का आणि वारस म्हणून बायकोचं नाव घातलं का? पदवीचा एवढा उपयोग तरी झालाच पाहिजे.

उद्या आपल्यातलं कुणी ब्लू कार्डवर किंवा एच-वन-बी वर जाईल, सोबत जोडीदार असेल, मुलं असतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो हक्कच आहे. फक्त हा हक्क आपल्याला पदवीमुळे मिळाला असं मानायला लागलो, तर ज्यांना पदवी मिळू दिली नाही त्यांनी बायको-मुलांशिवाय जगावं हेही आपण मान्य केल्यासारखं होईल. सेंट्रिंगवाल्याच्या मुलीलाही बाप हवा असतो, इंजिनिअरच्या मुलीइतकाच.

जय भीम.